मर्यादा आणि ऋण : ग्रीक व रोमन पुराणकथांमागील मूल्यदृष्टी

ग्रीक आणि रोमन देवतांचा परिचय करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत आरंभीच एक जोडयादी दिलेली असते : झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, एरिस म्हणजे मार्स, ॲफ्रोडायटी म्हणजे व्हीनस. या यादीमुळे वाचकाची अशी समजूत होऊन बसते की रोमन लोकांनी ग्रीकांचे देव जसेच्या तसे उचलले, त्यांना लॅटिन नावे दिली आणि काम भागवले. या समजुतीला आधार नाही असे नाही. इ.स.पू. २४० मध्ये लिव्हिअस अँड्रोनिकसने ग्रीक धर्तीचे नाटक लॅटिनमधून रोमच्या रंगभूमीवर आणले, पुढे ‘ओडिसी’चेही लॅटिन रूपांतर केले, आणि तेव्हापासून ग्रीक कथांचा ओघ रोमन साहित्यात अखंड वाहत राहिला; कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या स्वारीने हादरलेल्या रोमने इ.स.पू. २१७ मध्ये बारा देवतांना सहा जोड्यांनी मंचकांवर बसवून जी मेजवानी अर्पण केली, तीत ग्रीकांचे बारा ऑलिंपियन देव स्पष्ट ओळखू येतात. झ्यूस आणि ज्युपिटर तर मुळातच एका कुळातले, वैदिक द्यौष्पित्याचे भाऊबंद आहेत. तरीही देव सारखे असले म्हणून त्यांच्याविषयी काय सांगावेसे वाटते आणि काय सांगणे अनुचित वाटते, हेही सारखेच असते असे नाही, आणि एखाद्या समाजाची मूल्ये शोधायची तर ती याच निवडीत शोधावी लागतात. त्या दृष्टीने पाहिले तर ग्रीक कथांचा ओढा माणसाची मर्यादा कोठे संपते या प्रश्नाकडे आहे, आणि रोमन कथांचा ओढा माणूस कोणाचे काय देणे लागतो या प्रश्नाकडे.

ग्रीकांना सर्वमान्य धर्मग्रंथ नव्हता आणि सगळ्या नगरांवर अधिकार चालवणारा पुरोहितवर्गही नव्हता. देवांच्या वंशावळी, त्यांची नावे, त्यांचे मान आणि त्यांची रूपे ग्रीकांना होमर व हेसिअड यांनी दिली, असे इतिहासकार हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो. म्हणजे देवांचे ज्ञान हे कवींचे क्षेत्र होते, आणि एका कवीने सांगितलेली कथा दुसऱ्याने बदलावी, तिसऱ्याने तिच्यावर आक्षेप घ्यावा, यात कोणाला पाखंड दिसत नसे. झेनोफनीस या तत्त्वचिंतकाने तर चोरी, व्यभिचार आणि फसवणूक ही माणसांना लाजिरवाणी वाटणारी कृत्ये कवींनी देवांच्या माथी मारली असा उघड ठपका ठेवला, आणि प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून अशा कथांना बाहेरचा रस्ता दाखवला. या स्वातंत्र्यामुळेच ग्रीक कथेला अवघड प्रश्नांची भीती वाटेनाशी झाली. आपल्या अपत्यांच्या संख्येचा गर्व वाहणारी नायोबी सगळी मुले गमावते. केवळ आर्टेमिसची भक्ती करून ॲफ्रोडायटीला तुच्छ लेखणारा हिपॉलिटस शुद्ध आचरणाचा असूनही चिरडला जातो. अल्पायुषी कीर्ती की दीर्घ पण अनाम आयुष्य, ही निवड अकिलीजपुढे उभी राहते तेव्हा दोन्ही बाजूंना काही तरी अमूल्य गमवावेच लागते. मर्यादा ओलांडणाऱ्या उद्दामपणाला ग्रीक ‘ह्यूब्रिस’ म्हणत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या अटळ हिश्शाला ‘मोइरा’. या दोन कल्पनांच्या मधल्या अरुंद वाटेवर ग्रीक नायक चालत असतो.

रोमकडे वळल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती देवांविषयीच्या कथांची टंचाई. रोमनांचे जुने देव हे चरित्र असलेल्या व्यक्तींपेक्षा नेमून दिलेली कामे पार पाडणाऱ्या शक्तींसारखे दिसतात : उंबरठ्याचा व आरंभाचा जेनस, चुलीची व्हेस्टा, शेताच्या बांधाचा टर्मिनस, गव्हावरील तांबेऱ्याचा रोबिगस. रोमनांनी पहिली १७० हून अधिक वर्षे मूर्तीविना देवपूजा केली, असे इ.स.पू. पहिल्या शतकातील विद्वान व्हॅरो याचे मत होते. ऑगस्टसच्या काळात रोममध्ये राहणारा हॅलिकार्नेससचा डायोनिसिअस हा ग्रीक लेखक तर या टंचाईचेच कौतुक करतो : मुलाने बापाचे पुरुषत्व छेदल्याच्या, बापाने पोटची पोरे गिळल्याच्या कथा रोमचा संस्थापक रोम्युलस याने आपल्या नगरात येऊ दिल्या नाहीत, कारण देवांविषयी उणे बोलणे त्याला मान्य नव्हते, असे तो सांगतो. रोम्युलस ही व्यक्ती ऐतिहासिक मानता येत नाही, त्यामुळे हे विधान इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण एका ग्रीकालाच आपल्या परंपरेपेक्षा रोमची मौनाची परंपरा अधिक धार्मिक वाटावी, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दोन्ही दृष्टींतील अंतर सर्वांत ठसठशीतपणे दिसते ते यज्ञबळीच्या उगमाविषयीच्या दोन कथांत. हेसिअडच्या ‘थिओगोनी’ या काव्यात सांगितले आहे की मेकोनी नावाच्या ठिकाणी देव आणि मानव यांची वाटणी ठरत असताना प्रॉमिथिअसने एक मोठा बैल कापला, त्याचे मांस व आतडी जनावराच्या पोटाच्या ओंगळ पिशवीत झाकली, उघडी हाडे मात्र चकाकणाऱ्या चरबीत नीट गुंडाळून ठेवली आणि झ्यूसला हवा तो वाटा घ्यायला सांगितले. कपट ओळखूनही झ्यूसने हाडांचा वाटा उचलला, आणि मग त्याच्या कोपाला अंत राहिला नाही. त्याने माणसांपासून अग्नी लपवला. प्रॉमिथिअसने तो बडीशेपेच्या जातीच्या एका पोकळ दांड्यातून चोरून आणला. तेव्हा झ्यूसने शिक्षा म्हणून पहिली स्त्री घडवून माणसांत धाडली आणि प्रॉमिथिअसला जखडून त्याचे यकृत रोज गरुडाला खाऊ घातले. ग्रीक लोक पशुबळी देताना हाडे व चरबी देवांसाठी जाळीत आणि मांस स्वतः खात, ते याच वाटणीला अनुसरून. म्हणजे देवपूजेचा जो मध्यवर्ती विधी, तोच देव आणि माणूस यांच्या ताटातुटीची खूण आहे. प्रत्येक वेळी वेदीवर धूर चढतो तेव्हा एकेकाळी सहभोजन करणारे दोघे आता वेगळे झाले आहेत, हेच पुन्हा सांगितले जाते.

याच्या शेजारी रोमन कवी ओव्हिड व ग्रीक चरित्रकार प्लुटार्क या दोघांनी सांगितलेली न्यूमा राजाची कथा ठेवून पाहावी. रोमचा हा दुसरा राजा परंपरेने रोमन धर्मविधींचा संस्थापक मानला जातो. नगरावर विजा कोसळू लागल्या तेव्हा त्यांच्या शांतीचा उपाय विचारण्यासाठी न्यूमाने ज्युपिटरला पृथ्वीवर बोलावले, असे ओव्हिड सांगतो. ज्युपिटरने डोके छाटून देण्याची अट घातली. न्यूमाने ती लगेच मान्य केली आणि आपल्या बागेतल्या कांद्याचे डोके देऊ केले. डोके माणसाचे हवे, असे देवाने बजावले. न्यूमा माणसाच्या डोक्यावरचे केस द्यायला तयार झाला. जीव हवा, असे देव म्हणाला; न्यूमाने तो माशाचा देण्याचे कबूल केले. ज्युपिटर हसला, एवढ्यावर विजेची शांती होईल असे त्याने मान्य केले, आणि पुढे आपल्या प्रसादाची खूण म्हणून आकाशातून एक ढाल खाली पाठवली. दोन्ही कथांत माणसाच्या बाजूने चातुर्य आहे आणि दोन्हींत देवाच्या वाट्याला कमी येते. पण प्रॉमिथिअसचे चातुर्य हे कपट ठरते आणि त्यातून न मिटणारे वैर जन्मते, तर न्यूमा काहीच लपवत नाही. तो समोरासमोर बसून शब्दांचा अर्थ लावतो आणि शेवटी दोन्ही पक्षांना मंजूर असा करार पदरात पाडून घेतो. ज्या समाजाने पुढे जगाला कायदेशास्त्र दिले, त्याचा आद्य धर्मपुरुष देवासमोर निष्णात वकिलासारखा वागतो, यात आश्चर्य नाही.

करार म्हटला की त्यातील प्रत्येक शब्दाला वजन येते, आणि रोमन विधीची प्रसिद्ध काटेकोरता येथूनच उगवते. थोरला प्लिनी सांगतो की एखादा मुख्य अधिकारी प्रार्थना करीत असता एक जण लिखित पाठ त्याच्यापुढे म्हणत असे, दुसरा चूक होत नाही ना यावर लक्ष ठेवत असे, तिसरा सर्वांना गप्प राहायला सांगत असे आणि एक बासरीवाला सतत वाजवत राही, म्हणजे प्रार्थनेखेरीज दुसरा कोणताही आवाज कानी पडू नये. एवढे करूनही चूक झालीच तर विधी पहिल्यापासून पुन्हा करावा लागे. सेनापती युद्धाआधी मंदिराचा नवस बोलत, जिंकल्यावर तो फेडत, आणि नवस फेडणे ही भावनेची नव्हे, देण्याची बाब समजली जाई. भारतीय वाचकाला येथे पूर्वमीमांसेची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण तिथेही देवतेच्या चरित्रापेक्षा विधीच्या यथासांग अनुष्ठानाला महत्त्व आहे. फरक इतकाच की मीमांसेचा आधार अपौरुषेय वेद आहे, तर रोमनांचा आधार ‘मोस मायोरम’, म्हणजे पूर्वजांनी घालून दिलेला परिपाठ, आहे. मात्र कथेवरून आचरणाचा तर्क करताना सावध राहावे लागते. न्यूमाने नरबळी टाळल्याची कथा अभिमानाने सांगणाऱ्या रोमने इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या भीषण पराभवानंतर एक गॉल जोडपे आणि एक ग्रीक जोडपे जिवंत पुरले होते. लिव्ही हा इतिहासकार ते नोंदवतो आणि हा विधी रोमन वृत्तीला शोभणारा नव्हता असेही लिहितो. पुराणकथेतून समाज स्वतःला कसे पाहू इच्छितो ते कळते. तो कसा वागला ते इतरत्र पाहावे लागते.

युद्धदेवतांच्या बाबतीत जोडयादी सर्वांत जास्त फसवी ठरते. ‘इलियड’मधील एरिस हा रक्तपिपासू, भरवशाचा नसलेला देव आहे, अथीनेच्या मदतीने डायोमिडीज या मर्त्य योद्ध्याने त्याला भाल्याने जखमी केल्यावर तो हजारो माणसांनी एकदम आरोळी ठोकावी तसा ओरडतो, बापाकडे गाऱ्हाणे घेऊन जातो, आणि झ्यूस त्याला सगळ्या ऑलिंपियन देवांत आपल्याला तूच सर्वांत अप्रिय आहेस असे सुनावतो. रोमचा मार्स मात्र रोम्युलसचा पिता आहे. जुन्या वर्षाचा पहिला महिना त्याच्या नावाचा, नगराबाहेरचे कवायतीचे मैदान त्याच्या नावाचे. त्याहून लक्षणीय म्हणजे थोरल्या केटोने शेतीवरील आपल्या पुस्तकात दिलेली मार्सची प्रार्थना : डुक्कर, मेंढी आणि बैल असे तीन प्राणी शेताच्या सीमेवरून फिरवून शेतकरी मार्सला विनवतो की दिसणारे व न दिसणारे रोग दूर ठेव, धान्य, द्राक्षमळे आणि झाडोरा वाढू दे, मेंढपाळांना व गुराढोरांना सुखरूप ठेव. रोमचा सैनिक हा मूळचा शेतकरी होता म्हणून त्याचा युद्धदेवही शेतराखण्या झाला, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. पण ग्रीक नगरांचे पायदळही शेतकऱ्यांचेच होते, तेव्हा एवढ्याने भागत नाही. ग्रीकांनी युद्धातील नगररक्षणाची, शहाणपणाची बाजू अथीनेकडे आणि शेती डिमिटरकडे सोपवली, आणि उरलेली निव्वळ संहाराची बाजू एरिसच्या वाट्याला ठेवून तिच्याकडे न कचरता पाहिले. रोमनांनी ती बाजू वेगळी काढून पाहिलीच नाही. हा रोमन विचारातला उणेपणा मानावा लागेल, कारण जो देव घरचे पीक राखतो तोच परक्याची शेते जाळायला निघतो, तेव्हा त्या जाळण्याला नाव द्यायला भाषाच उरत नाही.

देवांच्या कथा न सांगणाऱ्या रोमनांना पुराणकथाच नव्हत्या असे मात्र नाही. विसाव्या शतकातील फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल यांनी दाखवून दिले की इतर इंडो-युरोपीय समाजांत ज्या कथा देवांविषयी सांगितल्या जातात त्या रोममध्ये नगराच्या आरंभकाळचा इतिहास म्हणून सांगितल्या जातात. त्यांच्या सर्व जुळवाजुळवी सर्वांना पटल्या नाहीत, पण हे मूळ निरीक्षण टिकून आहे. म्हणून रोमन कथा वाचायच्या तर लिव्हीच्या पहिल्या काही खंडांत वाचाव्या लागतात, आणि तिथे एकाच प्रकारचे कृत्य दोन संस्कृतींत कसे वेगळे फलित देते ते पाहता येते.

बापाने सार्वजनिक कर्तव्यासाठी पोटचे मूल मारणे हे ते कृत्य. ट्रॉयवर निघालेले ग्रीक सैन्य वाऱ्याअभावी ऑलिसच्या बंदरात अडून राहिले तेव्हा त्याचा सेनापती ॲगमेम्नॉन याने सैन्याच्या वाटचालीसाठी आपली मुलगी इफिजनाया बळी दिली. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीत या एका कृत्याचे पडसाद दोन पिढ्या पोळून काढतात : मुलीच्या आईने, क्लायटेम्नेस्ट्राने, नवऱ्याला मारले, मुलाने, ओरेस्टिसने, आईला मारले, रक्ताचा सूड घेणाऱ्या देवता त्याच्या मागे लागल्या, आणि अखेर अथीनेने एरिओपॅगस टेकडीवर न्यायसभा भरवली तेव्हा मते समसमान पडली व केवळ तिच्या मताने तो सुटला. सूडदेवतांनाही नगरात मानाचे स्थान देऊन शांत करावे लागले. ॲगमेम्नॉनपुढे योग्य असा मार्गच नव्हता, तरी त्याने उचललेल्या पावलाचे मोल फेडावेच लागते, ही ग्रीक नाटककाराची भूमिका आहे.

आता रोमचा लुशिअस जुनिअस ब्रूटस. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये राजेशाही उलथून त्याने प्रजासत्ताक स्थापले आणि तो पहिल्या दोन कौन्सलांपैकी, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी, एक झाला. पदच्युत राजाला परत आणण्याच्या कटात त्याचे दोन मुलगे सापडले, आणि कायद्याने शिक्षा अमलात आणण्याचे काम कौन्सल म्हणून त्याच्याकडेच आले. मुलांना खांबाला बांधून फटके मारण्यात आले, मग कुऱ्हाडीने शिरच्छेद झाला, आणि लिव्ही म्हणतो की तेवढा वेळ लोकांच्या नजरा बापाच्या चेहऱ्यावर खिळल्या होत्या, कारण कर्तव्य बजावतानाही त्या चेहऱ्यावर बाप दिसत होता. कथा येथे संपते. मागे लागणाऱ्या सूडदेवता नाहीत, मुलांच्या आईचा एक शब्दही नाही, न्यायसभेची गरज कोणाला वाटत नाही. घर आणि नगर यांच्यातला जो संघर्ष सॉफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त दोन्ही बाजूंना उद्ध्वस्त करतो, तो येथे नगराच्या बाजूने एकतर्फी निकालात निघतो. मात्र रोमन परंपरा अगदीच निःशंक होती असेही म्हणता येत नाही. आज्ञेवाचून शत्रूशी द्वंद्वयुद्ध करून विजयी झालेल्या मुलाला टायटस मॅनलिअस टॉर्क्वाटसने इ.स.पू. ३४० मध्ये मृत्युदंड दिला; तो रोमला परतला तेव्हा त्याच्या स्वागताला फक्त वृद्ध माणसे सामोरी गेली आणि तरुणांनी त्याला आयुष्यभर शाप दिले, हे लिव्हीनेच लिहून ठेवले आहे. शिस्तीचे गोडवे गाणाऱ्या परंपरेत तरुणांचा तो तिरस्कार पुसला गेला नाही, याला महत्त्व दिले पाहिजे.

या सगळ्या मूल्यांना रोमनांनी ‘पिएटास’ म्हटले. देव, आईबाप, पूर्वज आणि नगर यांच्याविषयीची कर्तव्यनिष्ठ ऋणबुद्धी असा तिचा अर्थ सांगता येईल, आणि ट्रॉयमधून निसटलेला ईनिअस हा तिचा मूर्त आदर्श. जुलिअस सीझरने सुमारे इ.स.पू. ४७-४६ मध्ये पाडलेल्या एका चांदीच्या नाण्यावर पुढच्या बाजूला त्याच्या कुळाची आद्यमाता व्हीनस आहे आणि मागच्या बाजूला चालत निघालेला ईनिअस : डाव्या खांद्यावर वृद्ध पिता अँकायसिस, उजव्या हातात ट्रॉयचे रक्षण करणारी अथीनेची लहानशी मूर्ती, आणि शेजारी सीझरचे नाव. अंगठ्याच्या नखाहून थोड्याच मोठ्या त्या चकतीवर बाप, देव आणि राज्यकर्त्याचा वंश असे ऋणाचे तीन धागे बसवले आहेत. ओडिसिअसशी तुलना केली की ईनिअसचे वेगळेपण कळते. ओडिसिअस कॅलिप्सोने देऊ केलेले अमरत्व नाकारतो ते स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या पत्नीसाठी. ईनिअसचे घर मात्र जळून गेले आहे, पत्नी पळापळीत हरवली आहे, आणि तो ज्या नगरासाठी समुद्र पालथा घालतो ते त्याच्या हयातीत उभे राहणारही नाही.

व्हर्जिलच्या ‘ईनिड’ची थोरवी अशी की त्याने हा आदर्श मांडतानाच त्याची किंमतही उघड केली. देवाची आज्ञा होताच ईनिअस कार्थेजची राणी डायडो हिला सोडून निघतो, ती स्वतःला संपवते. पुढे पाताळात तो रडत क्षमा मागतो तेव्हा ती एक शब्दही न बोलता पाठ फिरवून आपल्या पहिल्या पतीकडे निघून जाते. त्याच पाताळयात्रेत अँकायसिस भावी वीर दाखवताना ब्रूटसकडे बोट करतो आणि पुढच्या पिढ्या काहीही म्हणोत, तो दुर्दैवीच होय असे म्हणतो. काव्य संपते तेही नगरस्थापनेच्या सोहळ्यावर नाही. शरण आलेल्या टर्नस या प्रतिस्पर्ध्याला ईनिअस रागाच्या भरात ठार करतो, तिथे ते थांबते. इ.स.पू. १९ मध्ये कवी वारला तेव्हा काव्यावर अखेरचा हात फिरवायचा राहिला होता, तरी हा शेवट अपघाती वाटत नाही.

लिव्ही, व्हर्जिल, ओव्हिड हे तिघेही ऑगस्टसच्या काळातले, हे येथे विसरून चालणार नाही. अर्धे शतक यादवी युद्धे सोसलेल्या समाजाला शिस्त आणि कर्तव्य हवेसे वाटत होते, आणि जुन्या कथांना त्याच गरजेने आकार दिला. तेव्हा ज्याला ‘रोमन मूल्ये’ म्हटले जाते त्यांतील काही भाग त्या एका पिढीची तळमळ आहे. उलट बाजूने ग्रीकांचा धर्मही केवळ कवितेचा नव्हता. नगराच्या देवांना न मानण्याचा आरोप ठेवून अथेन्सने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष पाजले. मूळ तात्त्विक प्रश्न मात्र कायम राहतो : देवाशी माणसाचे नाते त्याच्याविषयीच्या कथेत असते, त्याच्याविषयीच्या विचारात असते की त्याच्यासाठी केलेल्या कृतीत? व्हॅरोने कवींचा, तत्त्वज्ञांचा आणि नगराचा असे देवविचाराचे तीन प्रकार याच कारणाने वेगळे केले होते. सिसरोने इ.स.पू. ४५ मध्ये लिहिलेल्या देवविषयक संवादात कोट्टा हे पात्र धर्माधिकारीही आहे आणि संशयवादी तत्त्वज्ञही. पूर्वजांचे विधी आपण पुराव्यावाचून स्वीकारतो, पण तत्त्वज्ञाकडून मात्र पुरावाच मागू, असे तो सांगतो, आणि या दोन्हींत त्याला विसंगती वाटत नाही. श्रद्धेची कसोटी कृतीत पाहणाऱ्या धर्मातच अशी भूमिका शक्य होती.

त्या धर्माचा शेवटही त्याच्या स्वभावाला धरून झाला. इ.स. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने व्हेस्टाच्या कुमारिकांचे व पुरोहितमंडळांचे सरकारी उत्पन्न बंद केले. ३८४ मध्ये सिमॅकस या रोमन सिनेटरने पूर्वजांच्या विधींनीच रोमला राखले आहे असे सांगून ते पूर्ववत करण्याची याचना केली, मिलानचा बिशप अँब्रोज याने तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. ३९१ मध्ये थिओडोसिअसने बळी देण्यास आणि मंदिरप्रवेशास कायद्याने बंदी घातली. होमर वाचायला वेदी लागत नव्हती, त्यामुळे ग्रीक कथा ख्रिस्ती शाळांतूनही शिकवल्या जात राहिल्या. रोमच्या धर्माधिकाऱ्यांचे विधिग्रंथ मात्र नष्ट झाले, आणि आज रोमन धर्माविषयी जे कळते त्याचा मोठा भाग लिव्ही, व्हर्जिल आणि ओव्हिड यांनी सांगितलेल्या कथांतूनच आलेला आहे.